शेगडीची ऊब आणि बंद खिडक्या

मैत्रिणींनो, पौषातली थंडी पडायला लागली की माळ्यावरची शेगडी खाली उतरते. एरवी तिला कोणी विचारत नाही. घरोघरी गॅस आल्यापासून स्वयंपाकाला तिची गरजच उरलेली नाही. पण घरात बाळंतीण असली, आजेसासूबाईंचे गुडघे आखडले, किंवा नाशिक-निफाडकडे आणि विदर्भात पारा एक आकडी झाला, की कोळशाची पिशवी येते आणि शेगडी थेट झोपायच्या खोलीत जाते. दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, मधोमध शेगडी ठेवायची आणि उबेत गुरफटून झोपायचं. ऐकायला किती छान वाटतं, नाही का?

आज मला याच शेगडीबद्दल थोडं कडक बोलायचं आहे. दर हिवाळ्यात दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार या भागांतून एकसारखीच बातमी येते. रात्री खोलीत अंगीठी ठेवून कुटुंब झोपलं आणि सकाळी दार फोडावं लागलं. आगीनं नव्हे, धुरानं गुदमरूनही नव्हे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड नावाच्या वायूनं.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोळ्यांना झोंबत नाही की घशाला खवखव करत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, पण या वायूशी ते प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतं. म्हणजे श्वास चालू असतो, छाती वर-खाली होत असते, आणि तरी मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पुरत नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, मळमळ, आणि हातापायांतली शक्ती जाते. काहींना कळतं की काहीतरी बिघडलंय, पण उठून दार उघडण्याइतकं बळ राहत नाही. झोपलेल्याला तर कळतही नाही.

आता एक गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली, फसगतच. आपण म्हणतो, “धूर गेला, निखारे छान लाल झाले, आता शेगडी आत घ्या.” पण लाल निखारा निर्धोक नसतो. शेगडीच्या तळाशी कोळसा जळून जो वायू तयार होतो, तो वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर कधी कधी छोट्या निळ्या ज्योती नाचताना दिसतात ना? तो हाच वायू जळत असतो. शेगडी मंदावली, निखाऱ्यांवर राख धरली की त्या ज्योती विझतात आणि वायू न जळता तसाच खोलीत पसरतो. ओल्या लाकडाचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून आपल्याला खिडकी उघडायला लावतो. निखारा गप्प राहतो. लोणारी कोळसा असो की दगडी, ही गोष्ट दोघांनाही लागू आहे.

“पण आमच्या आईनं, सासूबाईंनी जन्मभर शेगडी वापरली, त्यांना काही झालं नाही!” हे वाक्य तुमच्या ओठांवर आलं असेल. त्या खोटं बोलत नाहीत हो. मात्र तेव्हाचं घर आठवा. वर कौलं, कौलांच्या फटींतून दिसणारं आभाळ, दाराच्या फळ्यांमधून येणारा वारा, भिंतीत झरोका, स्वयंपाकघराला धुराडं. घराला श्वास घ्यायला शंभर वाटा होत्या. आज आपण स्लॅबच्या घरात राहतो. सरकत्या काचांच्या खिडक्या, दाराखाली रबरी पट्टी, मच्छर येऊ नयेत म्हणून सगळं बंद. शेगडी तीच आहे, घर बदललं आहे. सासूबाईंना हे असंच सांगून पाहा. “तुमचं चुकलं” म्हटलं की वाद होतो. “आई, आपला वाडा मोकळा होता, हा फ्लॅट डब्यासारखा आहे” म्हटलं की त्यांनाही पटतं.

तुम्ही म्हणाल, खोलीत पाण्याचं भांडं ठेवलं की झालं. पाण्यानं हवेचा कोरडेपणा कमी होईल, पण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ओला टॉवेल, कापलेला कांदा, तुळशीची कुंडी यांचाही उपयोग नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवली म्हणून रात्रभर शेगडी ठेवायला हरकत नाही, असंही समजू नका. किती फट पुरेल हे वाऱ्यावर, खोलीवर आणि कोळशावर अवलंबून असतं, आणि झोपेत ते पाहायला कोणी जागं नसतं.

हे संकट आपल्याकडचंच आहे असं नाही. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या आपल्या घरी याच वायूनं गेले. खोलीत कोळशाचा विस्तव, धुराडं तुंबलेलं, खिडक्या बंद. पत्नी मात्र वाचल्या. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले होते. ते सगळे दगावले, त्यांत चार मुलं होती. सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. हॉटेलवाला प्रेमानं निखाऱ्यांची शेगडी आणून देईल, पण निजण्यापूर्वी ती बाहेर ठेवायला सांगायला लाजू नका.

यजमान फौजेत असल्यामुळे काश्मीर-लडाखकडे राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींच्या घरी बुखारी असते. ती शेगडीपेक्षा वेगळी. तिला झाकण असतं आणि धूर बाहेर नेणारा पत्र्याचा पाइप असतो. खोली गरम करायची तर ही रीत बरी, कारण वायू घराबाहेर जातो. पण तो पाइप हाच तिचा प्राण. हिवाळा सुरू होण्याआधी पाइप उतरवून काजळी झाडून घ्या, सांधे घट्ट आहेत ना ते पाहा, वरच्या तोंडावर बर्फ किंवा पक्ष्याचं घरटं नाही ना याची खात्री करा. साठलेली राख वेळच्या वेळी काढा, म्हणजे खालून हवा नीट लागते. विस्तव रात्रभर टिकावा म्हणून पाइपची झडप पूर्ण बंद करू नका. खोलीत धूर उलटा येऊ लागला तर दार उघडून आधी माणसं बाहेर काढा, कारण मागाहून शोधता येईल.

आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळू. शेकाला माझा विरोध नाही. अंग शेकल्यावर बाळंतिणीला बरं वाटतं, आणि त्या निमित्तानं कोणीतरी तिच्याजवळ बसतं, हेही कमी नाही. पण शेक हवा म्हणजे खोलीत विस्तव हवा असं थोडंच आहे? या रीती करून पाहा.

एक. बारीक वाळू किंवा जाडं मीठ तव्यावर गॅसवर गरम करा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि आधी आपल्या मनगटाला लावून पाहून मगच शेका.

दोन. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, वर टॉवेल गुंडाळून अंथरूण गरम करा. बाळाला निजवण्यापूर्वी पिशवी काढून घ्या. नाजूक कातडी लवकर भाजते.

तीन. बाळासाठी सर्वांत चांगली ऊब आईच्या अंगाची. बाळ उघड्या छातीशी धरून वरून शाल घ्यावी, हे आता डॉक्टरही सांगतात. पांघरूण मात्र तोंडावर येऊ देऊ नये.

चार. ओवा-वेखंडाची धुरी बाळाला देऊ नका. त्या चिमुकल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

पाच. शेगडी पेटवायचीच असेल तर अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवर पेटवा आणि शेकोटीसारखे भोवती बसा. ऊब घेऊन आत या, शेगडी बाहेरच राहू द्या. राखेखाली झाकलेले निखारे “विझलेत” म्हणून आत आणू नका.

घरात कोणी गरोदर असेल तर दुप्पट काळजी घ्या. पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आईच्या रक्तापेक्षा अधिक धरून ठेवतं.

शेगडी नाही म्हणून निर्धास्त झालेल्या मैत्रिणींनाही एक सांगायचं आहे. तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का? त्यातूनही हाच वायू निघू शकतो, आणि बंद न्हाणीघरात अंघोळ करताना माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याच शहरांतून येतात. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी बसवून घ्या, झरोका कधी बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. घेताना नाव नीट वाचा. सिलिंडरची गळती ओळखणारं यंत्र वेगळं, ते या कामाचं नाही.

आणि वेळ आलीच तर? घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं, अंगात ताप नाही, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, १०८ किंवा ११२ वर फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबूसरबत काहीही घालू नका. करोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. या वायूनं भरलेलं रक्त त्याला प्राणवायूनं भरल्यासारखंच दिसतं आणि आकडा छान येतो. दवाखान्यात “खोलीत शेगडी होती” हे आवर्जून सांगा. तिथे शुद्ध प्राणवायू देतात, त्यानं हा वायू रक्तातून लवकर निघून जातो. बरं वाटलं तरी तपासून घ्या, कारण विसराळूपणासारखे त्रास काही दिवसांनी डोकं वर काढू शकतात.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. ज्वलनाचा धडा मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण तो घरच्या शेगडीला लागू होतो हे त्यांच्या मनात येत नाही. आपल्याही येत नाही. म्हणून आज रात्री निजानीज होण्यापूर्वी एवढंच करा. गॅसची खटकी बंद केली का, कडी लावली का, हे आपण रोज पाहतोच. त्यातच आणखी एक प्रश्न जोडा: घरात कुठे विस्तव धुमसत नाही ना? गावी आई एकटी असेल, नणंद बाळंतपणाला आली असेल, तर तिलाही फोन करून विचारा. थंडी गोधडीनं भागते हो. एक कमी पडली तर दोन घ्या.