राजपुत्राची दुसरी संधी

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा मी प्रथम 'माझा आवडता लेखक' हा विषय घेतला होता. दोन पाने लिहिलीही. पण लिहिता लिहिता लक्षात आले, की ज्या लेखकाची मी एवढी स्तुती करतो आहे त्याचे एकच पुस्तक मी पुरते वाचले आहे. याउलट ज्या गोष्टीच्या सहवासात माझे खरे तास गेले आणि जिच्याविषयी माझे स्वतःचे असे मत आहे, ती गोष्ट म्हणजे एक व्हिडिओ गेम; नव्हे, गेमची एक सबंध मालिका. संपादक मंडळाच्या सरांना भीतभीतच विषय सांगितला. सर हसले आणि म्हणाले, "लिही. पण नुसती स्तुतिसुमने नकोत. मत मांड, आणि ते का आहे तेही सांग." म्हणून हा लेखनप्रपंच.

मालिकेचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. माझी तिच्याशी ओळख झाली ती चुलत भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई द्राक्षबागेत जाते. घरात संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णाच्या दुकानातला संगणक इतका जुना होता, की त्यावर नवा गेम चालतच नसे. त्यामुळे जगाने केव्हाच मागे टाकलेले गेम आम्हांला नवे होते. दुपारी गिऱ्हाईक नसले, की मी आणि ताई त्या खुर्चीवर दाटीवाटीने बसत असू. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पहिला बंद दरवाजा कसा उघडायचा, जमिनीतल्या फरशीवर पाय दिला की तो कसा वर सरकतो, हे मला तिनेच दाखवले.

आज या मालिकेकडे मागे वळून पाहताना मला असे वाटते, की तिच्या प्रत्येक भागाने एकाच प्रश्नाचे निराळे उत्तर दिले आहे. माणूस चुकला, तर पुढे काय? भाग चांगला की वाईट हे मी त्याच्या चित्रांवरून किंवा तलवारबाजीवरून ठरवत नाही. या प्रश्नाचे उत्तर तो किती प्रामाणिकपणे देतो यावरून ठरवतो.

पहिला भाग १९८९ सालचा. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो ॲपल टू या संगणकासाठी केला. राजपुत्राची चाल इतकी जिवंत वाटते, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि एकेक चित्र गिरवून संगणकात उतरवले. संगीत त्याच्या वडिलांचे. म्हणजे जगभर गेलेला हा गेम एका अर्थी घरातच घडला. गोष्ट साधी आहे. दुष्ट वजिराने राजकन्येला कोंडले आहे, नायक तळघरात अनवाणी आणि निःशस्त्र पडला आहे, आणि त्याच्या हाती साठ मिनिटे आहेत. मेला तर पुन्हा उभा राहतो, कितीही वेळा. मात्र लेव्हल पहिल्यापासून खेळावी लागते आणि घड्याळ थांबत नाही. प्राण अमर्याद, वेळ मर्यादित. चुकलेल्याला शिक्षा नाही, पण चुकीत गेलेला वेळ परत मिळत नाही. लहानपणी मला हे कठोर वाटे. आता हे उत्तर मला अतिशय सच्चे वाटते.

याच भागात एक आरसा येतो. नायक त्यातून उडी मारतो आणि आरशातून त्याचीच सावली पळून जाते. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकते, त्याला खाली पाडते. शेवटी दोघे तलवारी काढून समोरासमोर येतात. सावलीला मारलेला घाव आपल्यालाच लागतो! आम्ही कितीतरी दिवस त्या जागी मरत होतो. एका दुपारी ताई म्हणाली, "अरे, तलवार म्यान कर." तिने म्यान केली, पुढे चालत गेली, आणि सावली नायकात मिसळून गेली. वस्तुतः ही सावली अडचणीतून जन्मली. संगणकात नव्या पात्राच्या चित्रांना जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रे फिरवून दुसरे पात्र काढले. साधनांच्या टंचाईतून सुचलेली ती कल्पना मला मालिकेतली सर्वांत खोल कल्पना वाटते.

१९९३ चा दुसरा भाग मोठा आहे, पण नवे काही विचारत नाही. १९९९ सालचा त्रिमिती भाग तर सपशेल पडला. मालिका संपली असेच लोकांनी धरले असेल. पण हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीकडे गेले आणि २००३ साली तिच्या माँट्रियलच्या शाखेने 'द सँड्स ऑफ टाइम' काढला. कथा पुन्हा मेकनरचीच. माझ्या मते मालिकेतला हा सर्वश्रेष्ठ भाग.

यातला राजपुत्र स्वतःच अपराधी आहे. बापाबरोबर तो एका हिंदुस्थानी महाराजाचा महाल लुटतो, तिथला काळाचा खंजीर उचलतो, आणि वजिराच्या बोलण्याला भुलून काळाची वाळू मोकळी करतो. त्या वाळूने माणसांचे राक्षस होतात. उरतात तो, वजीर आणि महाराजाची मुलगी फराह. जिचे घर लुटले तिच्याच सोबतीने त्याला आपली चूक निस्तरायची आहे. त्या खंजिराने काळ काही क्षण मागे नेता येतो. चुकीची उडी मारलीत? कळ दाबून धरा. पडणारा राजपुत्र उलटा वर येतो आणि पुन्हा कड्यावर उभा राहतो. पण खंजिरातली वाळू मोजकीच असते आणि ती झगडून मिळवावी लागते. संधी आहे, पण फुकट नाही. सबंध गोष्ट राजपुत्र स्वतः सांगत असतो. आपल्या हातून तो मेला, की त्याचा आवाज येतो, की नाही, नाही, असे झाले नव्हते! हरदास कथेत चुकला आणि हसून मागे आला, तसे वाटते.

आणि शेवट! काळ मुळापर्यंत मागे जातो. चूक पुसली जाते, पण तिच्याबरोबर फराहची ओळखही पुसली जाते. तो ही कथा तिलाच सांगत होता हे तेव्हा कळते, आणि तिचा विश्वास बसत नाही. मग तो तिला एक शब्द सांगतो, जो तिच्या आईने तिला भीती वाटली की म्हणायला शिकवलेला असतो. तो शब्द 'काकोलूकिया'. मला तो कुठलासा परका शब्द वाटे. कॉलेजात आल्यावर पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नाव 'काकोलूकीयम्' असल्याचे कळले, तेव्हा मी वर्गात एकटाच हसलो. सरांनी कारण विचारले, ते सांगता आले नाही. ते कारण हे होते, सर.

पुढच्याच वर्षीच्या 'वॉरियर विदिन'ने मात्र माझी निराशा केली. कल्पना उत्तम आहे. काळाशी खेळलास, आता त्याची किंमत मोज म्हणून दहाका नावाचा अक्राळविक्राळ रक्षक राजपुत्राच्या मागे लागतो. त्याचे पाठलाग आठवले तरी अजून छातीत धडधडते. पण मृदू बोलणारा, स्वतःवर हसणारा राजपुत्र इथे रक्ताला चटावलेला उद्धट गडी झाला. स्त्रीपात्रांचा वेश तर असा, की ताईने एकदा पाहिला आणि उठून गेली. चूक केलेला माणूस कडवट होऊ शकतो हे मान्य. पण गेमलाच त्या कडवटपणाचा अभिमान वाटू लागला की बिघडते. २००५ च्या 'द टू थ्रोन्स'ने पुष्कळसे सावरले. त्यात राजपुत्राच्या मनातला काळा राजपुत्र त्याच्याशी बोलतो, आणि अखेरीस त्याला मारून नव्हे तर त्याच्याकडे पाठ फिरवून राजपुत्र सुटतो. १९८९ ची म्यान केलेली तलवार मला तिथे पुन्हा दिसली.

आता २००८ च्या भागाविषयी. याच्याबद्दलचे माझे मत मी बदलले आहे, आणि का बदलले ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला.

या भागात मरणच नाही. राजपुत्र कड्यावरून पडला, की एलिका ही त्याची सोबतीण हात धरून त्याला वर काढते. लढाईत तो खाली पडला, की ती मध्ये येते; एवढेच, की तेवढ्या वेळात शत्रूला पुन्हा बळ चढते. "हा काय गेम आहे! पोरखेळ आहे," असे मी अकरावीत असताना मित्रांना ठणकावून सांगितले होते. पडण्याची भीती नाही तर उडीला मोल काय, हा माझा युक्तिवाद.

ताई दहावीला गणितात नापास झाली होती. जुलैत फेरपरीक्षा असते, हे शाळेने सांगितले होते. पण घरात "पुरे झाले आता" असा निर्णय झाला आणि फॉर्म भरला गेला नाही. वडिलांना मी दोष देत नाही. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांना नापास म्हणजे शेवट वाटतो. ताई शिलाईच्या कामाला लागली. घड्याळ चालूच राहिले.

गेल्या वर्षी पहिल्या सत्रात मला इंग्रजीत एटीकेटी लागली. घरात पुन्हा तेच वाक्य उच्चारले जाईल असे वाटले, आणि उच्चारलेही गेले. पण या वेळी ताई मध्ये आली. "एका विषयाने काही होत नाही," म्हणाली. परीक्षेच्या फॉर्मचे पैसे तिने शिलाईच्या कमाईतून दिले. मी पुन्हा बसलो, सुटलो. त्या दिवसांत मला एलिकाचा हात आठवला, आणि माझ्या युक्तिवादातली खोट समजली. ज्याला खाली कोणी धरणारे आहे त्याची उडी लटकी ठरत नाही. तो फक्त आणखी एकदा उडी मारायला शिल्लक राहतो. हे लक्षात ठेवूनही त्या भागाला मी तिसरा क्रमांक देईन. कारण हात देणाऱ्याला काय पडते, हे तो अगदी शेवटी विचारतो. एलिका मरते आणि तिला परत आणण्यासाठी राजपुत्र दोघांनी मिळून केलेले सगळे काम स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त करतो. तिला तसे हवे होते का, हे तो विचारत नाही. त्या शेवटावर आमच्या वसतिगृहात एकदा पहाटेपर्यंत वाद झाला होता.

२०१० चा 'द फरगॉटन सँड्स' चित्रपटाच्या गडबडीत आला आणि गेला. पुढे मोठा खंड पडला. २०२४ साली 'द लॉस्ट क्राउन' आला. वसतिगृहातील मित्राच्या लॅपटॉपवर मी तो महिनाभर खेळलो. नायक राजपुत्र नाही. सारगॉन नावाचा योद्धा पळवलेल्या राजपुत्राच्या शोधात काफ पर्वतावर जातो. यातले मला आवडलेले साधन म्हणजे अडलेल्या जागेचे चित्र काढून नकाशावर टाचून ठेवणे. आज जमत नाही, उद्या येईन. अभ्यासाच्या वहीत आपण हेच करत नाही का? आणि पात्रांचे संवाद फारसीत ऐकण्याची सोय या मालिकेत प्रथमच झाली. वजीर, खंजीर, तख्त हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन शतके लोटली. पर्शियाच्या राजपुत्राच्या गेममध्ये फारसी यायला मात्र पस्तीस वर्षे लागली.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. 'द सँड्स ऑफ टाइम' नव्याने करण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई शाखांकडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची झलक दाखवली गेली आणि जगभरचे लोक हसले. चित्रे जुनाट दिसतात, चेहरे निर्जीव आहेत, अशी टीका झाली. मी ती झलक नंतर पाहिली. खोटे कशाला बोलू, चेहरे मलाही लाकडीच वाटले. तारखा पुढे गेल्या, २०२२ मध्ये काम माँट्रियलला नेण्यात आले, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो गेमच रद्द झाला. टीका करणारे चूक नव्हते. पण वाटते ते एवढेच, की ज्या गेमचा सारा प्राण चुकलेली उडी मागे घेण्यात आहे, तो करणाऱ्या आपल्याकडच्या हातांना मात्र दुसरी उडी मिळाली नाही. १९९९ च्या अपयशानंतर मालिकेला २००३ मिळाले होते. सर्वांना ते मिळत नाही.

मित्रहो, गेम खेळून आयुष्य सुधारते असे मी म्हणणार नाही. माझे इंग्रजी त्याने सुधारले नव्हते. पण चांगला गेम आणि चांगला शिक्षक यांत मला एक साम्य दिसते. दोघेही चूक लपवत नाहीत, आणि चुकलेल्याला दाराबाहेरही काढत नाहीत. माझा क्रम विचाराल तर पहिला २००३ चा, दुसरा १९८९ चा, तिसरा २००८ चा. ताईला विचाराल तर ती अजूनही १९८९ चाच पहिला म्हणेल. तिने या वर्षी गणिताचा फॉर्म पुन्हा भरला आहे. रविवारी मी घरी गेलो, की आम्ही दोघे भूमिती घेऊन बसतो.