तुम्ही माणूस आहात काय?

या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या मातोश्री ठाऊक आहेत. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे त्यांनी पोरांची अक्षरे वळवली. अशा बाईला परवा एका यंत्राने विचारले, ‘तुम्ही माणूस आहात काय?’

झाले असे, की जिथे आईचे पेन्शन जमा होते त्या बँकेने नवे अॅप काढले. ‘माझे पैसे मीच बघणार’ म्हणून आई चष्मा पुसून बसली. पडद्यावर पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे, शाईत पाणी पडल्यासारखी. मग एक चौकट आली. तीत इंग्रजी अक्षरे एकमेकांच्या अंगावर रेलून उभी, वरून आडवी रेघ. ती ओळखली की आपण माणूस ठरतो!

“अरे, हा जी की नऊ? माझ्या वर्गात कुणी अशी काढली असती, तर पाटी पुसून पुन्हा काढायला लावली असती.”

तिसऱ्या चुकीनंतर पडद्यावर उमटले, ‘अधिप्रमाणन अयशस्वी’. आईने विचारले, “म्हणजे माझं काय चुकलं?” तेवढ्यात वेळ संपली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून.

मला हसू आले. आई हसली नाही. फोन माझ्या हाती देत म्हणाली, “तूच बघ आता. पिनही तुलाच सांगून ठेवते.” अण्णा गेल्यावरही हिशेबाची वही जिने कुणाच्या हाती दिली नाही, ती हे म्हणत होती. माझे हसू जागीच विरले.

म्हातारपणी हे चालायचेच, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा देशात शंभरातल्या अठरांनाच लिहितावाचता येत होते. म्हणून ‘आधी शिकून या’ असे कुणी मतदारांना सांगितले नाही. उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह चिकटवले. बैलजोडी ओळखायला बाराखडी लागत नाही. आजच्या मतदानयंत्रावरही चिन्हासमोर एकच बटन, बोटाने वाचता येणारे ब्रेल आकडे, मत पडल्याची शिटी आणि सात सेकंद दिसणारी चिठ्ठी असते. यंत्रच माणसाजोगे केले, एवढेच.

हे शहाणपण संगणकवाल्यांना ठाऊक नाही असेही नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली नियमच घालून दिले: अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतका फरक असावा, वेळ वाढवून मिळावा, चूक झाली तर काय चुकले ते शब्दांत सांगावे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. अॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या माणसांना ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवता येईनात. त्यांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले, की अशा सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

दुसऱ्यांना नावे ठेवताना आपलेही माप पदरात घ्यावे. ते ‘अधिप्रमाणन’ आकाशातून पडलेले नाही. असले शब्द आम्ही मराठीचे मास्तरच पाडतो. मी स्वतः एका समितीत प्रवासभत्ता घेऊन पाडले आहेत. ‘अक्षरे जुळली नाहीत, पुन्हा लिहा’ एवढे म्हटले असते तर आईने ‘माझं काय चुकलं’ असे विचारले नसते.

रविवारी माझा एक जुना विद्यार्थी आला. असलीच अॅपे बनवणे हा त्याचा धंदा. त्याने फोनला हात लावला नाही. आईशेजारी बसून तिचे बोट कुठे अडते तेवढे पाहत राहिला.

“आजी, हे कळलं नाही का?”

“कळलं नाही असं नव्हे रे. दिसलं नाही.”

त्याने ते वाक्य टिपून घेतले. मग आईकडूनच अक्षरे मोठी करून घेतली आणि चौकटीच्या कोपऱ्यातले मोहरीएवढे कर्ण्याचे चित्र दाखवले. ते दाबले की अक्षरे ऐकू येतात. ते मलाही दिसले नव्हते! आईने ऐकले, लिहिले आणि ती एकदाची माणूस ठरली.

संध्याकाळी तिने पहिले काम केले ते पिन बदलण्याचे. नवा पिन तिने मला सांगितलेला नाही.