बाटलीतले पाणी आणि गुलाबाचा हिशेब

दिवाळीच्या साफसफाईत पुण्यातल्या बहुतेक सज्ज्यांत कुंड्यांमागे तीन-चार अर्धवट बाटल्या निघतात. एक मुळांसाठी, एक कळ्यांसाठी, एक पानांना चकाकी यावी म्हणून! आमच्या शेजारच्या काकूंकडे तर सात निघाल्या. काकू म्हणाल्या, "अहो, गुलाबाला काय हवे ते कळेना, म्हणून सगळेच आणले."

गुलाबाला काय हवे ते ज्यांना पोटासाठी कळावे लागते, ती मंडळी इथून फार लांब नाहीत. तळेगाव दाभाडे आणि मावळात पॉलिहाऊसमधला गुलाब पिकतो, आणि फेब्रुवारीत 'व्हॅलेंटाइन डे'साठी परदेशीही जातो. तिथे दहा गुंठ्यांत हजारो झाडे असतात. झाडामागे चार आणे जादा गेले, तरी वर्षअखेर ते डोळ्यांत भरतात.

हा शेतकरी आधी पिशवीवरचे आकडे वाचतो. १९:१९:१९ म्हणजे शेकडा १९ भाग नत्र, तितकेच स्फुरद आणि तितकेच पालाश. भाव तो किलोचा धरीत नाही, आतल्या अन्नाचा धरतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तीत नत्र ४६ टक्के, म्हणजे किलोभर नत्र तेरा रुपयांच्या आत पडले. (हा भाव सरकारी अनुदानाचा, हे खरे.) आता समजा, दोनशे रुपयांच्या लिटरभर बाटलीत नत्र दोन टक्के आहे. म्हणजे वीस ग्रॅम! किलोचा हिशेब दहा हजारांवर जातो. बाकी बहुतेक पाणीच, आणि पाणी तर खडकवासल्याहून येतेच की. म्हणून कुंडीत युरिया ओतू नका हो. चमचाभर जास्त झाला तरी मुळे करपतात.

पॉलिहाऊसवाला खतेही दोन टाक्यांत वेगळी विरघळवतो. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटची खते दाट द्रावणात एकत्र आली, तर जिप्समचा साका बसून ठिबकची तोंडे बुजतात. खत जाते आणि नळीही जाते.

मग समुद्रशेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल वगैरे? अशा जैव-उत्तेजकांना सरकारने २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणले. ती निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण शहाणा बागाईतदार दोन वाफे त्यांच्याविना ठेवतो, दोन बहर दांडे मोजतो, त्यांची लांबी पाहतो; लांब दांड्याला भाव जास्त. फरक औषधाच्या किमतीहून कमी भरला, की बाटली बंद. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते, की जे अन्न सर्वांत कमी पडते, त्यावर वाढ अडते. लोह कमी असताना नत्र कितीही घाला, पान पिवळेच!

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, लग्ने थांबली, फुले फेकून द्यावी लागली. झाडे मात्र जगवायची, म्हणजे खतपाणी चालूच. कशावाचून भागेल हे ज्याने आधी मोजून ठेवले होते, त्याला त्या उन्हाळ्यात हात आखडता आला.

काकूंना मी एवढेच सुचवले : ओल्या कचऱ्याचे मुरलेले खत महिन्याला मूठभर घाला, सहा तास ऊन द्या, आणि सातांपैकी ज्या बाटलीवर आकडे आहेत तीच ठेवा. आम्ही दोघांनी भिंग घेऊन शोधले. दोन बाटल्यांवर सापडले. पाचांवर नुसते गुलाबाचे चित्र होते.