विजेती कुणाला हरवून झाली?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद अधूनमधून निघतो: दिव्या मोठी की खाडिलकर बहिणी? निवृत्तीला आलेले एक सर म्हणतात, रोहिणी खाडिलकरसारखी पुन्हा होणे नाही. तरुण शिक्षक मोबाइल काढून रेटिंग दाखवतात आणि म्हणतात, सर, तेव्हा खेळायला होतंच कोण?

हा "होतंच कोण" प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, पण तो विचारला जातो तो उत्तर नको म्हणूनच.

आधी दिव्याचं. त्या स्पर्धेत १०७ खेळाडू होत्या आणि तिचं मानांकन पंधरावं होतं. वाटेत तिनं चीनची झू जिनेर, आपली हरिका द्रोणावल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना बाजूला सारलं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्यानं बाजी मारली. बातुमीला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म नव्हता. परतली ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर होऊन. एवढ्या गर्दीतून वर येणं सोपं नाही, हे सरांनीही कबूल करावं.

आता खाडिलकर. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली. पुढची कित्येक वर्षं हे पद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घरात फिरत राहिलं. एकट्या रोहिणीनं ते पाच वेळा मिळवलं. तरुण शिक्षक याच गोष्टीकडे बोट दाखवतात: एकाच घरात दशकभर अजिंक्यपद राहतं, म्हणजे बाहेर कुणी नव्हतंच.

बरं, नव्हतं. मग रोहिणीनं काय केलं? १९७६ साली तेरा वर्षांची ती मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन बसली. गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. स्पर्धा कमी होती म्हणून तिचं पद हलकं म्हणायचं, तर ती जास्त स्पर्धा शोधत स्वतः गेली होती हेही त्याच वहीत लिहावं लागेल. १९८१ साली ती आशियाई विजेती झाली. मग अनुपमा अभ्यंकर आली, भाग्यश्री साठे आली. दोघीही आशियाई विजेत्या, दोघींनाही पद्मश्री. पुढे चेन्नई आणि आंध्रच्या मुलींनी मराठी मुलींची ही मक्तेदारी मोडली, आणि ते चांगलंच झालं. गर्दी आपोआप वाढत नाही. आधी कुणीतरी रिकाम्या हॉलमध्ये बसून खेळलेलं असतं.

अमेरिकेत पूल नावाचा खेळ आहे, बिलियर्डसारख्या टेबलावर काठीनं चेंडू खिशात घालायचा. आपल्या कॅरमचा श्रीमंत भाऊ म्हणा. तिथेही हीच तुलना चालते. जीन बालुकासनं १९७२ ते १९७८ सलग सात वेळा यूएस ओपन जिंकली. १९९५ साली इंग्लंडहून स्नूकरची जगज्जेती ॲलिसन फिशर तिथे गेली, पुढे कोरियाची किम गा-यंग आली, आणि चुरस इतकी वाढली की बालुकासचे सात किताब काहींना स्वस्त वाटू लागले. पण बालुकासही पुरुषांच्या स्पर्धांत उतरत होती. बायकांत कुणी उरलं नाही की पुरुषांकडे जायचं, हे न्यूयॉर्कच्या मुलीलाही सुचलं आणि मुंबईच्या मुलीलाही.

या यादीत मला आणखी एक नाव घालायचं आहे. ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. १९३३ साली ब्रिटनची महिला बुद्धिबळ स्पर्धा फातिमा नावाच्या मुलीनं जिंकली. पंजाबचे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या घरची ती नोकर. ते विलायतेला गेले तेव्हा त्यांच्या लवाजम्यात मीर सुलतान खान होता, तशीच ही. अकरा डावांत दहा विजय, एक बरोबरी, हार एकही नाही. त्याच वर्षी सुलतान खाननं पुरुषांची स्पर्धा जिंकली. वर्ष संपता संपता मालक हिंदुस्थानात परतले, त्यांच्यासोबत हे दोघेही, आणि फातिमाचा खेळ तिथेच संपला. त्या काळची जगज्जेती वेरा मेंचिक हिच्याशी तिची तुलना करायची तर कशाच्या आधारावर? फातिमा दुबळी होती असं कुणी म्हणू शकत नाही. तिला पुढचा डाव मिळाला नाही, एवढंच म्हणता येतं.

हे सगळं मी नंदुरबारमध्ये बसून लिहिते आहे, कारण इथे हा हिशेब दर वर्षी माझ्यासमोर होतो. शालेय स्पर्धांत मुलांच्या गटात सकाळपासून टेबलं भरलेली असतात. मुलींच्या गटात दोन-तीन फेऱ्यांत निकाल लागतो. मग कुणी शिक्षक हसत म्हणतात, मॅडम, चार मुलींत पहिली येणं म्हणजे काय येणं! या हिशेबानं पाहिलं तर १ जुलै १९९८ रोजी आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, त्या दिवशी कागदावर जिल्हाविजेती होणं एकदम सोपं झालं. मुलीनं काय करायचं, जिल्हे पुन्हा जोडायचे? तिच्यासमोर जी बसली तिला तिनं हरवलं. जी बसली नाही, तिचा जाब तिला विचारू नका.

जी बसली नाही ती कुठे आहे, हे मला माहीत आहे. ती आमच्याच वर्गात आहे. मधल्या सुट्टीत वजीर न घेता मात करते. आठवीत गेली की घरून निरोप येतो, आता पुरे. कारणं विचारली की पहिलं येतं ते शतरंज जायज आहे का. प्रश्न खरा आहे. हनफी उलेमांचं मत याबाबत कडक आहे. शाफई फिकहात जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर थोडी सवलत दिसते. ज्यांना कडक मत पटतं त्यांचा मला आदर आहे. पण मग ते भावालाही लागू होतं ना? त्याच घरातला मुलगा स्पर्धेला जातो, तेव्हा मसला कुणी काढत नाही. म्हणजे अडचण शतरंजची नाही, घराबाहेर पडण्याची आहे, आणि तिला दीनचं नाव देऊ नये.

दुसरं कारण जास्त प्रामाणिक असतं: लोक काय म्हणतील, पेपरात फोटो येईल. ही भीती फक्त आपल्या मोहल्ल्यातली नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर दिव्यानंच लिहिलं होतं की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तरी ती खेळत राहिली, कारण घरचे पाठीशी होते. आमच्या मुलींच्या बाबतीत मी एवढंच करू शकते की अम्मीला सांगते: सोबत बाई शिक्षिका असेल, स्कार्फ घालून खेळायला कुणाची हरकत नाही, जिल्ह्याची स्पर्धा असेल तर संध्याकाळी घरी. विभागाला नाशिकला जायचं झालं तर एसटीचा लांबचा प्रवास आहे, मुक्काम आहे. तिथे मी स्वतः जाते. तिथून पहिल्या फेरीत हरून आलेली मुलगीही माझ्या लेखी स्पर्धा वाढवून आलेली असते. दिव्या मोठी की रोहिणी, हा वाद सरांनी खुशाल चालू ठेवावा. मला आधी चाराच्या आठ करायच्या आहेत.

यंदा सातवीतल्या दोघींची नावं दिली आहेत. एकीच्या अब्बांनी सही केली. दुसरीच्या घरी रविवारी असरनंतर जायचं ठरलं आहे. तिची दादी म्हणाली आहे, या, पण पट घेऊन या, आधी बघू तरी काय आहे ते.