आधी निगा, मग नवे

मनुष्याला नवलाईची ओढ उपजतच असते. नवे पुस्तक, नवी सायकल, नवा सदरा यांचा आनंद काही निराळाच! त्यात वावगे असे काही नाही. परंतु नव्याची ओढ जेव्हा जुन्याच्या हेळसांडीतून जन्म घेते, तेव्हा तिला हौस म्हणता येत नाही. आळस हेच नाव तिला शोभते. याचे एक उदाहरण आज अनेक घरांतून पाहावयास मिळते.

गोंदिया जिल्ह्यातील एखादे शेतकऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. वैशाखाची दुपार आहे. शाळेला सुट्टी आहे. घरातला मुलगा संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत बसला आहे. पहिली दहा मिनिटे मोटार वाऱ्यासारखी धावते. पुढे मात्र ती अडखळू लागते. कळ आता दाबावी आणि मोटार क्षणभराने वळावी, अशी तिची गत होते. मुलगा चिडतो आणि म्हणतो, "बाबा, हा संगणक म्हातारा झाला. आता नवा घ्या!" वडील काही बोलत नाहीत. धान विकून आलेल्या पैशांतून खताची उधारी फेडावयाची आहे, थोरल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्चही समोर उभा आहे, याचा हिशेब ते मनाशी करीत असतात.

मुलाची मागणी रास्त आहे काय? त्याने क्षणभर विचार केला असता, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली असती. संगणक खरोखरच म्हातारा झाला असेल, तर पहिली दहा मिनिटे तो तरुणासारखा कसा धावतो?

याचे उत्तर उष्णतेत आहे. संगणकाचा प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी क्रिया करतो. त्यासाठी लागणाऱ्या विजेची अखेर उष्णताच होते. खेळातील चित्रे क्षणोक्षणी नव्याने रेखाटावी लागत असल्यामुळे, पत्र लिहिताना पडतात त्याहून कितीतरी अधिक श्रम यंत्राला खेळाच्या वेळी पडतात. ही उष्णता बाहेर घालविण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्या बसविलेल्या असतात आणि त्यांवर एक लहान पंखा वारा घालीत असतो. पात्यांच्या फटी धुळीने बुजल्या, की वारा आत शिरत नाही. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सियसच्या जवळ पोहोचले, म्हणजे जळून जाण्यापेक्षा मंद चालणे बरे, असे जणू ठरवून तो आपला वेग आपणच कमी करतो. भर उन्हात थकलेला बैल पावले आखडती घेतो, तसाच हा प्रकार आहे. बैलाला कोणी म्हातारा म्हणत नाही. त्याला सावलीत नेतात, पाणी दाखवितात.

गोंदियात तर या धुळीला आणि उन्हाला तोटा नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. धानाच्या गिरण्यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. गिरणीजवळच्या वस्तीत कोंड्याची बारीक भुकटी दारा-खिडक्यांतून आत येते. पलंगावर किंवा गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या तर वारा घेण्याच्या फटीच झाकल्या जातात. अशा स्थितीत यंत्र मंदावले, तर दोष यंत्राचा की ते वापरणाराचा?

उष्णता हे एकच कारण असते, असे मात्र नाही. संगणक सुरू होताच दहा-वीस कार्यक्रम आपोआप चालू होतात आणि पडद्याआड राहून तात्पुरत्या स्मृतीतील जागा अडवून बसतात. खेळाला मग अंग चोरून बसावे लागते. साठवणीची जागा जुन्या चित्रफितींनी काठोकाठ भरली, तरी काम अडते. फिरत्या तबकडीच्या साठवणयंत्रात एकाच खेळाचे तुकडे ठिकठिकाणी विखुरतात. ते सलग मांडण्याची सोय संगणकातच केलेली असते. तबकडी नसलेल्या एसएसडीला मात्र या मांडणीची गरज नसते. उलट पुनःपुन्हा लिहिण्याने ती झिजते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: निगा राखावयाची, तर वस्तू ओळखावी लागते.

हा धडा गोंदियाच्या मुलांना दूर जाऊन शिकावा लागत नाही. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. येथील कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या तलाव बांधण्याची विद्या जोपासली. नवेगावचा प्रसिद्ध बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. तलावात दर पावसाळ्यात थोडा गाळ येतो. गाळ वाढला, की तेवढेच पाणी कमी मावते. म्हणून पूर्वी गावकरी गाळ काढीत, पाळ दुरुस्त करीत, पाटांची काळजी घेत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. ज्यांच्या हाती त्यांची निगा होती, त्यांचे हात त्यांपासून दुरावले. पुढे अनेक तलाव गाळाने उथळ होत गेले. तरीही 'हा तलाव म्हातारा झाला, शेजारी दुसरा खणा,' असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. गाळ काढला, की तोच तलाव पुन्हा भरतो आणि निघालेला गाळ शेताला सुपीक करतो. संगणकातील धूळ आणि निरुपयोगी कार्यक्रम हाही एक गाळच आहे.

तेव्हा त्या मुलाने काय करावे? प्रथम संगणक बंद करून विजेची तार काढावी आणि घरातील जाणत्या माणसाला जवळ बसवावे. कोरड्या, मऊ कुंचल्याने फटींतील धूळ हलकेच झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओले फडके कदापि लावू नये. लॅपटॉप असेल, तर तो स्वतः न उघडता कारागिराकडे न्यावा आणि घरी सपाट पाटावर ठेवून वापरावा. नको असलेले कार्यक्रम बंद करावेत. 'संगणक एका क्षणात वेगवान करा' अशी जाहिरात करणारे अनोळखी कार्यक्रम मात्र घेऊ नयेत. त्यांतील कित्येक चोरपावलांनी अपायच करतात. एका वेळी एकच बदल करावा आणि काय फरक पडला, ते वहीत टिपून ठेवावे.

अशी नोंद ठेवण्याची परंपरा थोर आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' नावाच्या अवाढव्य संगणकात बिघाड झाला. तेथील माणसांनी यंत्राला नावे ठेवली नाहीत. त्यांनी शोध घेतला. एका विद्युत् कळीत पतंग अडकून मेलेला त्यांना सापडला. तो त्यांनी नोंदवहीच्या पानावर चिकटविला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

यावर कोणी म्हणेल, की सर्व काही केले तरी काही नवे खेळ जुन्या संगणकावर चालतच नाहीत. हे म्हणणे खरे आहे. धूळ झाडल्याने बैलगाडीची आगगाडी होत नाही. अशा वेळी खेळातील चित्रांची सुबकता थोडी कमी करून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेही भागते. तेही जमले नाही, तर कमतरता नेमकी कशाची आहे, हे तरी आता कळलेले असते. कदाचित केवळ स्मृतीची एक पट्टी वाढविणे पुरेसे होईल. कदाचित नवा संगणकच घ्यावा लागेल. पण तेव्हा ती मागणी हट्ट राहणार नाही, विचारपूर्वक केलेली विनंती ठरेल. धुळीत ठेवलेला नवा संगणक तरी किती दिवस नवा राहणार?

आणखीही एक गोष्ट आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् वस्तूंचा कचरा निर्माण झाला. त्यातील चौथ्या हिश्शाहून कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातील शिसे, पारा यांसारखी विषे माती-पाण्यात मिसळण्याची भीती असते. टाकून दिलेली वस्तू डोळ्यांआड होते. जगातून नाहीशी होत नाही.

नवे मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण जुन्याची निगा राखून तो मिळवावा लागतो. त्या मुलाने सुट्टीतील एक सकाळ धूळ झाडण्यात घालविली आणि मोटार पुन्हा न अडखळता धावू लागली, तर शर्यत जिंकल्यापेक्षाही मोठा आनंद त्याला लाभेल. आणि समोर बसलेल्या वडिलांच्या मनावरचे एक ओझे, त्यांनी बोलून न दाखविताच, हलके होईल.