डीजेवाल्याच्या हाती 'न वाजवायची' यादी द्या

लग्नसराई आली की किनवटात घराघरात खल सुरू होतो. कार्यालय कोणतं, आचारी कोण, पत्रिकेत कोणत्या मामाचं नाव वर आणि कोणत्या काकाचं खाली. यावरून रुसवेफुगवेही होतात. पण रिसेप्शनला काय वाजणार, यावर घरातलं कुणी एक शब्द बोलत नाही. डीजेवाल्याला इसार दिला की विषय संपला. मग त्या रात्री ठरवतं कोण? मशीनवर बसलेलं विशीतलं पोरगं आणि त्याच्या कानाशी लागून फर्माईश करणारे नवरदेवाचे चार मित्र. ते चौघं त्या वेळी कोणत्या अवस्थेत असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून म्हणतो, वाजवायच्या गाण्यांची यादी द्या नाहीतर नका देऊ. न वाजवायच्या गाण्यांची यादी मात्र इसार देतानाच लिहून हातात ठेवा.

कायदा इथं पुरा पडत नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. सुप्रीम कोर्टानं 2005 च्या निकालात हे सगळं ठणकावून सांगितलं. त्याचं आपल्याकडं काय होतं ते सोडा. पण किती जोरात आणि किती वाजेपर्यंत, एवढंच कायदा सांगतो. काय वाजवायचं ते सांगत नाही. उलट कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नं लग्न आणि त्याला जोडून होणाऱ्या समारंभांना सूट दिलेली आहे. म्हणजे निवड आपलीच.

आता हळद आणि रिसेप्शन यात फरक करा. हळदीला घरचे लोक असतात, अंगण आपलं असतं, तिथं काय नाचायचं ते नाचा. रिसेप्शनला तुम्ही अख्खा गाव पत्रिका देऊन बोलावलेला असतो. किनवटची पंगत म्हणजे साधी नाही राव. बंजारा, आंध, गोंड, कोलाम, मराठा, बौद्ध, मुसलमान, मारवाडी आणि तेलुगू बोलणारे, सगळे एका मांडवात. 1956 पर्यंत आपला तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, आजही पाव्हणे तिकडूनच जास्त येतात. आणि आलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. हातात ताट असतं, आहेर द्यायचा असतो, मानपानाचा प्रश्न असतो. जे वाजेल ते ऐकावंच लागतं.

त्यात 'आमच्या नादाला लागू नका' छापाची गाणी वाजतात. कोणत्याही जातीची असोत, ती आपल्या घरच्या आनंदाची नसतात, शेजारच्या टेबलाला ऐकवायची असतात. ही पहिली खोडा. मला विचाराल तर माझी कसोटी एवढीच: गाणं स्वतःसाठी लावलंय का कुणाला तरी ऐकवायला? बौद्धाच्या घरचं लग्न आहे आणि भीमगीत लागलं, तर ते त्या घरचं आहे. 'सगळे पाव्हणे आहेत, ते तेवढं नको' असं सांगणारे शहाणे मी पाहिलेत. त्यांनी गप्प बसावं. बंजारा घरात लेंगी लागली, मुसलमानाच्या वलीम्याला कव्वाली लागली, तेही तसंच. पण तेच गाणं दुसऱ्याच्या दारासमोर वरात थांबवून आवाज वाढवून लावलं, तर त्याचा अर्थ बदलतो. वरात आणि वैर किती जवळ असतं हे नांदेडवाल्यांना सांगायला नको. 1 जून 2023 ला बोंढार हवेलीत वरातीच्या वेळीच एका दलित तरुणाचा खून झाला. गाण्यानंच झाला असं मी म्हणत नाही, कारण ठरवणं न्यायालयाचं काम. पण वातावरण कशानं तापतं ते आपण रोज बघतो.

दुसरी काट दुहेरी अर्थाच्या गाण्यांवर मारा. स्टेजवर नवरी उभी, समोर तिचा बाप, आणि स्पीकरमधून बाईच्या अंगाचं वर्णन. यादी करताना नवरीला विचारा. लग्न तिचं आहे आणि तिला सोडून सगळ्यांना विचारलं जातं. घरात वर्षभरात माणूस गेलं असेल, तर त्याच्या आवडीचं गाणंही आधी आईला विचारूनच. आणि पाठवणीची रडवी गाणी रिसेप्शनला कशाला? पोरगी तर सासरी येऊन उभी आहे!

पण गंमत बघा, आपण खोडतो भलतंच. यंदा हलगी नको, गावठी वाटते. गोंडांच्या लग्नात ढोल-पेपरे आणि ढेमसा हवा, तिथंही पोरं डीजे मागतात. तिकडून आलेलं 'बुल्लेट्टू बंडी' 2021 पासून प्रत्येक मांडवात वाजतं. छान गाणं आहे, मला आवडतं. पण शेजारच्या राज्यातलं चालतं आणि आपल्या तांड्यावरचं, गुड्यातलं चालत नाही, हे काही पटत नाही.

मात्र हलगीबद्दल बोलताना एक गोष्ट विसरायची नाही. लग्नातून काही वगळणं ही आपल्याकडं क्षुल्लक बाब कधीच नव्हती. सत्यशोधक समाजानं 1873 पासून भटजीविना लग्नं लावली, जोतिरावांनी लोकांना कळतील अशा मराठी मंगलाष्टका लिहिल्या. पुढं बाबासाहेबांच्या सांगण्यावरून लोकांनी गावकीची कामं टाकली, त्यात दुसऱ्याच्या दारी वाजवणंही टाकलं. मानासाठी टाकलं. तेव्हा 'परंपरा जपा' म्हणत कुणाला पुन्हा उकिरड्याजवळ उभं करून वाजवायला लावणार असाल, तर त्यापेक्षा डीजे बरा.

हलगी बोलवायची तर वाजवणाऱ्यांशी रक्कम आधी ठरवा, इसार डीजेवाल्यासारखाच द्या, पत्रिकेत डीजेचं नाव छापता तसं त्यांचंही छापा. आणि जेवायला शेवटच्या पंगतीपर्यंत ताटकळत ठेवू नका, पाव्हण्यांसोबत बसवा. तेवढा वेळ काहीच वाजलं नाही तरी चालेल.