डोक्यातली गाठ कोणती?

आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात साऱ्या मराठवाड्यातून रुग्ण येतात. घरच्यांचा एक प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो: एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, मग लगेच ऑपरेशन का नाही?

कारण गाठ कोणती, यावर इलाज ठरतो. शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये ग्लायोब्लास्टोमा बहुधा उजळ कड्यासारखा दिसतो. मधला भाग मेलेला, म्हणून काळा. लिम्फोमा बहुतेकदा सगळाच एकसारखा उजळतो. पहिला शक्य तेवढा कापून काढतात. दुसऱ्यात बायोप्सीपुरता तुकडा घेतात आणि केमोथेरपी देतात. फुफ्फुसातून किंवा स्तनातून पसरलेल्या कर्करोगाच्या अनेकदा एकाहून जास्त गाठी असतात. पण चित्र फसवतेही. क्षयाची गाठसुद्धा कड्यासारखी दिसते, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही! म्हणून शेवटचा शब्द बायोप्सीचा.

आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही उशिराच कळली. स्टेरॉइड दिले की मेंदूची सूज उतरते, अम्मी उठून बसतात, घरात शुक्र अदा होतो. लिम्फोमा असेल तर मात्र गाठही विरघळू लागते आणि बायोप्सीत नेमके काही सापडत नाही. तेव्हा डेक्सामेथासोन सुरू असेल तर बायोप्सीआधी डॉक्टरांना जरूर सांगा. आपल्या मनाने बंद मात्र करू नका. आणि पहिल्या एमआरआयची सीडी कपाटात राहू देऊ नका, सोबत न्या. औषधाआधीची गाठ त्या सीडीतच दिसते.